जपानी अ‍ॅनिमेशनपटांचे हस्तरंगित सेल : संग्रह आणि इतिहासाचे साधन

जपानी अ‍ॅनिमेशनपटांच्या इतिहासाची साधने म्हणून चित्रपटांच्या प्रती, पटकथा व दिग्दर्शकांच्या मुलाखती यांचा विचार नेहमी होतो. ज्यांवर चित्रपट प्रत्यक्ष रंगविला गेला त्या पारदर्शक तावांचा, म्हणजे सेलचा, विचार मात्र उशिरा सुरू झाला. तोपर्यंत ते जपण्याचे काम बव्हंशी हौशी संग्राहकांनी केले. या जपणुकीने इतिहासाचे साधन वाचविले, त्याचबरोबर ते विखुरलेही, असे दिसून येते.

सेलचे तंत्र मूळचे अमेरिकेतील. अर्ल हर्ड यांनी त्याच्या पेटंटसाठी १९१४ मध्ये अर्ज केला होता. जपानमध्ये १९५६ साली स्थापन झालेल्या तोएई दोगाने १९५८ मध्ये 'हाकुजादेन' हा रंगीत पूर्ण लांबीचा चित्रपट सादर केला. पुढे ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु' या मालिकेने १९६३ पासून एकच चित्र तीन चौकटींपर्यंत वापरण्याची काटकसर रूढ केली. तरीही लागणाऱ्या चित्रांची संख्या प्रचंडच राहिली. 'आकिरा' (१९८८) या एका चित्रपटासाठी सुमारे १,६०,००० सेल लागल्याचे सांगितले जाते.

कागदावरील पेन्सिलचे रेखाटन यंत्राच्या साहाय्याने कार्बनद्वारे तावावर उतरविले जाई आणि रंग तावाच्या मागील बाजूने भरला जाई. त्यामुळे समोरून रेषा अखंड दिसे. कोपऱ्यात थराचे अक्षर व क्रमांक लिहिलेला असे. चित्रीकरण संपले की या तावांचे काम संपले. ते ठेवायला जागा नसे. काही कचऱ्यात गेले, काही चाहत्यांना भेट मिळाले, काही विकले गेले. 'उचू सेन्कान यामातो' (१९७४) या मालिकेच्या १९७७ मधील चित्रपटरूपाने चाहत्यांचा मोठा वर्ग पुढे आला, १९७८ मध्ये 'अ‍ॅनिमेज' मासिक निघाले, आणि सेल ही मिळवण्याजोगी वस्तू ठरली. तोक्योतील नाकानो येथे १९८० मध्ये जुन्या मांगांच्या विक्रीने सुरू झालेले 'मान्दाराके' हे दुकान पुढे अशा खरेदी-विक्रीचेही केंद्र बनले.

बाजाराची आवड मात्र इतिहासाच्या गरजेशी जुळणारी नव्हती. नायकाचा उघड्या डोळ्यांचा, समोरून दिसणारा चेहरा महाग. नुसता हात, पाठमोरी आकृती किंवा गर्दीचा थर स्वस्त. वस्तुतः दृश्य कसे रचले गेले हे समजण्यासाठी हेच उपेक्षित थर हवे असतात. एका दृश्याचे ताव अनेक घरांत गेले की त्यांचा क्रम पुन्हा लावणे जवळजवळ अशक्य होते. मागे चिकटलेला रेखाटनाचा कागद 'स्वच्छ' दिसावे म्हणून सोलून काढण्याची सवय तर अधिकच घातक. त्यात रंगही निघतो आणि पुरावाही. याउलट क्रमांक, रेखाटन व पार्श्वचित्र एकत्र राखणाऱ्या संग्राहकाने न कळत अभिलेखपालाचेच काम केले, असे म्हणावे लागेल.

सेलचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेट असल्याने ओल व उष्णता यांमुळे त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते, व्हिनेगरसारखा वास येतो, ताव आक्रसतो. कार्बनची रेषाही पुसट होत जाते. हे आम्ल कोंडून राहिले की ऱ्हास वाढतो; म्हणजे हवाबंद पाकिटात प्रेमाने जपणाऱ्याकडूनच हानी होण्याचा संभव असतो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकीय रंगकाम आले. स्टुडिओ जिब्लीचा 'यामादा' कुटुंबावरील १९९९ चा चित्रपट पूर्णतः संगणकावर रंगविला गेला. १९६९ पासून चाललेल्या 'साझाए-सान' मालिकेने २०१३ मध्ये सेल सोडले. नवे ताव निर्माण होणे थांबल्यावरच जुन्यांना विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. नीगाता विद्यापीठात २०१६ मध्ये अ‍ॅनिमेशनच्या निर्मितीसाहित्याचे अभिलेख केंद्र सुरू झाले.

भारताचाही या सामग्रीशी संबंध आहे. युगो साको यांच्या पुढाकाराने आणि मुंबईचे राम मोहन यांच्या सहभागाने तयार झालेला रामायणावरील भारत-जपान चित्रपट (१९९३) याच हस्तरंगित पद्धतीचा होता. २०२५ मध्ये त्याची नवी स्वच्छ प्रत भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाली. तावाच्या कोपऱ्यातील क्रमांक आणि मागील बाजूचे ब्रशचे फटकारे तीत दिसण्याचे कारण नाही.