सेनापती बापट: मुळशीत हरलेला सेनापती

मी हिंजवडीत कोड लिहितो आणि वेळ मिळाला की इतिहास वाचतो. आज एका राजकीय करिअरबद्दल बोलूया. ना आमदारकी, ना मंत्रिपद. बायोडेटा काढलाच तर त्यात जास्त जागा तुरुंगवासाला द्यावी लागेल. तरी पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. नाव, पांडुरंग महादेव बापट.

जन्म १८८० चा, पारनेरचा. पुण्यात डेक्कन कॉलेजला शिकले आणि स्कॉलरशिप मिळवून इंजिनिअरिंगसाठी एडिनबर्गला गेले. म्हणजे आपल्यासारखाच रूट, बरं का! पण तिथे इंग्रज राजवटीविरुद्ध बोलले आणि स्कॉलरशिप गेली. मग पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवायची विद्या शिकून ते १९०८ मध्ये परतले. भूमिगत राहिले, पुढे पकडले गेले, सुटले आणि पारनेरला येऊन रोज गावची सफाई करू लागले.

तोवर ते फक्त बापट होते. 'सेनापती' झाले ते मुळशीत.

झालं असं, की टाटांच्या कंपनीला मुळा नदीवर धरण बांधायचं होतं. एरवी पूर्वेला पुण्याकडे वाहणारं पाणी अडवायचं, सह्याद्रीवरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तिथली वीज मुंबईला न्यायची. त्यासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातखाचरं पाण्याखाली किंवा धरणाच्या हद्दीत जाणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. मावळ्यांना विचारलं कुणी? कुणीच नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. विनायकराव भुस्कुट्यांनी संघटित केलेले मावळे बायकापोरांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, धरपकड झाली. बापट या लढ्यात उतरले आणि पुढे त्याचा चेहराच बनले.

आता खरी गोची ऐका. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. कसणारा मावळा, मालक सावकार. त्यामुळे भरपाईचा आकडा चांगला दिसला तसे सावकार तडजोडीकडे झुकले. शहरातले पुढारीही एकेक करून मागे सरले. जमीन राखायला शेवटी उरले कोण? ज्यांच्या नावावर ती नव्हतीच, ते आणि काही मोजके साथीदार.

बापट मागे हटले नाहीत. सत्याग्रहाची त्यांची व्याख्या गांधीजींपेक्षा वेगळी होती. प्रसंगी शस्त्र उचलायचं, पण नंतर पळायचं नाही. स्वतःहून शिक्षा भोगायची. १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, आणि हातात शस्त्रं होती. सात वर्षांची शिक्षा झाली. मला हे पटतं का? पूर्ण नाही. गाडीत बसलेले मजूरही पोटासाठीच आलेले होते. पण केल्याची किंमत स्वतः मोजायची, ही त्यांची बाजू मला खोडता येत नाही.

ते तुरुंगात असतानाच धरण पूर्ण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. १९३१ मध्ये बापट सुटले, तेव्हा ज्या खोऱ्यासाठी आत गेले होते ते पाण्याखाली होतं. पुढे नेताजींचा फॉरवर्ड ब्लॉक, गोवा मुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, सगळीकडे ते होते. १९६७ मध्ये गेले.

माझं ऑफिससुद्धा मुळशी तालुक्यात येतं, हे मला नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर कळलं. गेटबाहेर चहा विकणाऱ्या काकांना मी सहज म्हटलं, "काका, इथे आधी काय होतं हो?" त्यांनी आमच्या पार्किंगकडे हात केला. "ते? ते आमचं खाचर." वर म्हणाले, "पैसे मिळाले की. घर बांधलं, गाडी घेतली. आता चहा विकतो." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला मात्र चहा संपवायला वेळ लागला.

जिंकलं-हरलं एवढंच मोजलं, तर मुळशीत बापट सपशेल हरले. पण जमीन कुणाची, कागदावरच्या मालकाची की कसणाऱ्याची, आणि विकासाचं ठरवताना विचारायचं कोणाला, हे प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी भर रस्त्यात आणून ठेवले. ते अजून तिथेच आहेत.

जाता जाता एक गंमत. मुळशीची वीज मुंबईला गेली. त्याच मुंबईत गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि ऑफिसं उभी आहेत, लोअर परळला, आणि त्यांच्या दारातून जाणाऱ्या रस्त्याचं नाव सेनापती बापट मार्ग. कधी तिथून गेलात, तर पाटीकडे एकदा नक्की बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!