तणनाशकाला गवत ओळखू येते का?

तण मारायचे आणि पीक राखायचे, हे काम पिढ्यान् पिढ्या बायांच्या हातांनी केले. माझ्या मावसबहिणीच्या सासरी, तिगावला, त्याला निंदण म्हणतात. तिगाव पांढुर्ण्याकडचे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मराठी पट्टा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. (पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तो २०२३ साली.) मुलूख कापसाचा आणि संत्र्यांचा. पावसाळ्यात कपाशीच्या ओळींत खुरपे घेऊन बसलेल्या बाया रोप कुठले नि तण कुठले हे विचार न करता ओळखतात.

ही ओळख औषधाला कशी आली, त्याची सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून होते. कोळेरोगापासून सुपारी वाचवायला आपले बागायतदार मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात ना, तेच. १८९६ साली फ्रान्समध्ये बोने नावाच्या गृहस्थांना दिसले, की द्राक्षांवर मारलेले हे मिश्रण पडून रानमोहरीची पाने काळी पडली आहेत. मग मोरचुदाचे पाणी धान्याच्या शेतात मारले. मोहरी मेली, धान्य उभे राहिले.

पुढची उडी दुसऱ्या महायुद्धातली. २,४-डी हे रसायन वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानांचे झाड वेडेवाकडे वाढून मरते. गवताचे तसे होत नाही. त्याच्या अरुंद, उभ्या पानांवर फवारा फारसा टिकत नाही, कोंब पानांच्या वेढ्यात सुरक्षित असतो आणि रसायन पोटात गेले तरी ते त्याचे विघटन करते. १९४४ साली अमेरिकेत मार्थ आणि मिचेल यांनी हिरवळीवर हा प्रयोग दाखवला. याच २,४-डी मध्ये दुसरे एक रसायन मिसळून पुढे व्हिएतनामची जंगले उजाड केली, तो इतिहास निराळा.

पण हिरवळीत गवताचेच तण आले तर? आपली दूर्वा, म्हणजे हराळी, २,४-डी ला भीक घालत नाही. चवथीला आपण तिच्या जुड्या शोधत फिरतो आणि शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतो! १९७० च्या दशकात उलटी औषधे निघाली. गवताच्या शरीरात स्निग्ध पदार्थ तयार करणारे एक विकर असते, तेच ती बंद पाडतात. कपाशी, सोयाबीनचे विकर वेगळ्या घडणीचे, म्हणून ती वाचतात. गवतातून गवत निवडणे मात्र अजूनही अवघड. म्हणूनच आमच्या कचेरीपुढच्या हिरवळीत बाया अजून हातानेच उपटतात.

औषधाला निवड जमत नसेल तर पीकच बदलावे, हा त्यापुढचा विचार. ग्लायफोसेट हिरवे दिसेल ते मारते. ते सोसणारी कपाशी प्रयोगशाळेत बनवली, की शेतात तेवढी कपाशीच उरते. भारतात या वाणाला परवानगी नाही, तरी बियाणे चोरून विकले जाते. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी कीटकनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली.

शेतकऱ्याची बाजू मला खोटी वाटत नाही. ऐन निंदणाला माणसे मिळत नाहीत आणि आठवडाभर उशीर झाला की तण डोक्यावर जाते. पण निंदणाची मजुरी हा कितीतरी घरांत बाईच्या हातात पडणारा पैसा असतो, आणि तो नुसता पैसाच नसतो. तांदुळजा, घोळ ही औषधाच्या हिशेबी रुंद पानांची तणेच. निंदणारी बाई ती बांधावर फेकत नाही, ओच्यात बांधते. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर तायकिळो खुडणाऱ्या बायांना हे सांगायला नको. बहीण म्हणते, फवारलेल्या शेतातून संध्याकाळी भाजी येत नाही.