चंदेरी पेटीचा पुनर्जन्म

जपानांतील रोलंड कंपनीनें १९८१ सालीं 'टीबी-३०३' नांवाची एक लहानशी चंदेरी पेटी बाजारांत आणली. एकट्यानें गिटार वाजवीत बसणाऱ्यास बास-गिटारची साथ मिळावी, हा तिचा हेतु. पेटी मात्र बास-गिटारसारखी मुळींच वाजेना, आणि तिच्यांत स्वर भरण्याची रीत तर शिकणाऱ्याचा अंत पाही. सुमारें १०,००० पेट्या काढून १९८४ त कंपनीनें हा नाद सोडला.

मुंबईचे चरणजित सिंग यांनीं १९८२ त ही पेटी व तिचीं भावंडें घेऊन ललित, भूप, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची तिची खोड मींडेला सरावलेल्या कानाला परकी वाटली नसावी! ती तबकडी त्या वेळीं फारशी कोणाच्या लक्षांत आली नाहीं. पुढें १९८७ त शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळीनें हीच पेटी चालू असतां तिच्या कळा मनसोक्त पिळल्या, आणि त्या किंचाळीवर नृत्यसंगीताचा एक नवा पंथ उभा राहिला. टाकाऊ पेटी दुर्मिळ झाली. किंमत सामान्य वादकाच्या आवांक्याबाहेर गेली.

तेव्हां स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेड या मंडळीनें १९९७ त 'रीबर्थ' ही आज्ञावली काढून ती पेटी संगणकाच्या पडद्यावर उतरविली. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. मूळ पेटींत करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी अशी विजेची एक लहर उत्पन्न होते, आणि फिल्टर तिच्यांतील तीव्र अंश गाळतो. फिल्टरमधून निघालेल्या आवाजाचा कांहीं भाग फिरून त्याच क्षणीं त्याच्या मुखांत पडतो. त्यांतूनच ती किंचाळी जन्मते. संगणक मात्र सेकंदाला ४४,१०० आंकडे मांडून आवाज घडवितो. साध्या मांडणींत मागचा आंकडा निघाल्यावांचून पुढचा निघत नाहीं, आणि एवढ्याशा उशिरानेंही फिल्टरची चाल बदलते. शिवाय तारा-पुर्जे तापले, जुने झाले, कीं प्रत्येक पेटी निराळी बोलूं लागते. मग नक्कल करावयाची ती कोणत्या पेटीची? तरीही घरोघरच्या हौशी वादकांना 'रीबर्थ'नें तो आवाज स्वस्तांत मिळवून दिला, हें तिचें श्रेय लहान नाहीं. मिनीमूग, प्रॉफेट-५ अशा थोर वाद्यांच्या नकलाही मागाहून निघाल्या.

२००५ त 'रीबर्थ'ची विक्री थांबली व ती फुकट वांटण्यांत आली. २०१० त तिनें आयपॅडवर पुन्हां जन्म घेतला. पण २०१७ त रोलंडनें आपल्या हक्कांचा प्रश्न उपस्थित करतांच ती मागें घ्यावी लागली. जी पेटी स्वतःच बास-गिटारची फसलेली नक्कल होती, तिच्या नकलेवर मालकीचा हा वाद! रोलंड आतां आपल्या पेटीची आज्ञावली स्वतःच विकते. नव्या मॅक संगणकांवर १९९७ ची ती 'रीबर्थ' चालत नाहीं. १९८१ ची चांगली जपलेली पेटी मात्र वीज जोडतांच अजून बोलते.