मसादाचा चढ आणि न वाचलेले पान

अमेरिका आणि युरोपातील ज्यू कुटुंबांतली 15 ते 17 वर्षांची मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत गटागटाने इस्राएलला जातात. चार ते सहा आठवड्यांचा हा प्रवास सहल आणि यात्रा यांच्या सीमेवरचा असतो. त्सफातच्या अरुंद गल्ल्यांतली, 16 व्या शतकातील गूढवादी गुरूंच्या आठवणी जपणारी प्रार्थनामंदिरे, जेरुसलेमची पश्चिम भिंत, मृत समुद्र आणि त्याच्या काठचा मसादा हे त्यातले ठरलेले मुक्काम. मसादाच्या दिवशी मुलांना अंधारातच उठवतात. जुलैतल्या तिथल्या उन्हात 'सर्पवाटे'चा सुमारे साडेतीनशे मीटरचा चढ चढणे धोक्याचे असते. माथ्यावर पोचेपर्यंत समोर जॉर्डनच्या डोंगरांमागून सूर्य वर येतो. मग सकाळची प्रार्थना होते आणि त्यानंतर भग्न भिंतींच्या सावलीत बसवून मार्गदर्शक एक जुना उतारा वाचून दाखवतो. प्रस्तुत लेखाचा विषय हे वाचन आहे.

मुळात मसादा हे तीर्थक्षेत्र नव्हेच. हेरोद राजाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात बांधलेला तो राजवाडावजा दुर्ग. तिथे कुणी प्रेषित राहिला नाही, कुठला साक्षात्कार घडला नाही. तालमूदमध्ये या स्थळाची कथा नाही. रब्बींच्या परंपरेने आवर्जून जपली ती योहानान बेन जक्काई यांची आठवण. वेढ्यातल्या जेरुसलेममधून शवपेटीत लपून ते बाहेर पडले आणि याव्हने येथे त्यांनी अध्ययनाचे केंद्र उभारले, अशी ती कथा. तलवारीपेक्षा ग्रंथ वाचवणाऱ्याला मोठे मानणारी ही परंपरा शतकानुशतके मसादाविषयी गप्प राहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मसादाची कथा आपल्यापर्यंत येते ती एकाच लेखकाकडून. जोसेफसच्या 'ज्यू युद्ध' या ग्रंथाच्या सातव्या खंडात ती आहे. इ. स. 73 किंवा 74 मध्ये रोमन सेनानी फ्लाविअस सिल्वाने गडाला वेढा घातला, मातीची उतरण रचून तट फोडला. तेव्हा एलाझार बेन याईरने दोन भाषणे करून आपल्या माणसांना गुलामगिरीऐवजी मरण पत्करायला लावले. 960 जण मेले. दोन स्त्रिया आणि पाच मुले तेवढी वाचली. जोसेफस स्वतः तिथे नव्हता. इतकेच नव्हे, तर 67 साली योदफातच्या गुहेत सोबत्यांनी चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारले, तेव्हा हा शेवटी जिवंत राहून रोमनांना शरण गेला होता. सम्राटाच्या आश्रयाने रोममध्ये बसून त्याने ग्रीक भाषेत हा इतिहास लिहिला. पात्राच्या तोंडी प्रसंगोचित भाषण घालण्याची थुसिडिडीसपासूनची रीत वाचकांना ठाऊक असेलच. जगण्याची निवड केलेल्या माणसाने मरणाच्या बाजूने इतके प्रभावी वक्तृत्व रचावे, यातला पेच मला एलाझारच्या निर्णयापेक्षाही गूढ वाटतो. 10 व्या शतकातल्या 'योसिप्पोन' या हिब्रू ग्रंथाने तर शेवटच बदलला. तिथे पुरुष अखेरीस बाहेर पडून लढता लढता मरतात.

जोसेफसचा हा ग्रंथ 1923 मध्ये सिमखोनी यांच्या भाषांतरातून आधुनिक हिब्रूत आला. 1927 मध्ये यित्झाक लामदान यांचे 'मसादा' हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले आणि त्यातली एक ओळ पुढे घोषवाक्य होऊन बसली. याच दशकापासून पॅलेस्टाईनमधल्या युवक चळवळींची मुले पाठीवर पिशव्या घेऊन गड चढू लागली. 1942 च्या जानेवारीत शमारिया गुत्मान यांनी चाळीसहून अधिक युवक-नेत्यांचे शिबिर मसादावर भरवले. इकडे रोमेलच्या फौजा उत्तर आफ्रिकेत, तिकडे युरोपात संहार सुरू; त्या वर्षी ते भाषण कसे ऐकू आले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. म्हणजे आधी ग्रंथ, मग कविता, मग पायवाट. उत्खनन आले ते सर्वांत शेवटी, 1963 ते 1965 या काळात, यिगाएल यादिन यांच्या नेतृत्वाखाली. 28 देशांतून आलेल्या स्वयंसेवकांनी त्यात माती उपसली. प्रार्थनामंदिराच्या जमिनीखाली यहेज्केलच्या ग्रंथाचे तुकडे मिळाले. वाळलेल्या अस्थींना पुन्हा जीव येतो तो अध्याय त्यातच होता. 1969 मध्ये तिथल्या सांगाड्यांना सरकारी इतमामाने मूठमाती देण्यात आली. ते सांगाडे नेमके कुणाचे, हा वाद मात्र मिटला नाही.

नाखमान बेन-येहुदा यांच्या 1995 च्या पुस्तकाने या साऱ्या कथनाची झाडाझडती घेतली. त्यांचा एक मुद्दा साहित्याच्या अभ्यासकाला विशेष जाणवावा. मसादावरचे लोक सिकारी, म्हणजे कट्यारवाले, या गटाचे होते. त्याच जोसेफसच्या चौथ्या खंडात याच लोकांनी वल्हांडणाच्या सणात एन गेदी या ज्यू गावावर घातलेल्या धाडीचे वर्णन आहे. प्रतिकार करू शकणारे पुरुष पांगले होते. मागे राहिलेल्या सातशेहून अधिक स्त्रिया-मुलांना त्यांनी ठार केले आणि धान्य लुटून गडावर नेले. सातव्या खंडातले भाषण विश्वसनीय मानायचे आणि चौथ्यातली धाड वगळायची, हे वाचन नव्हे, वेचन झाले. गडावरच्या सामूहिक वाचनात दीर्घकाळ हेच होत आले.

आता काही गट माथ्यावर वादविवाद घडवून आणतात. एक बाजू एलाझारची, दुसरी याव्हनेची. 15 वर्षांच्या मुलांना मरणाचे गौरवगान नुसते ऐकवण्यापेक्षा हे निश्चितच बरे. पण तिथेही एन गेदीच्या बाजूने बोलायला सहसा कुणी नसते. 2023 च्या ऑक्टोबरपासूनच्या युद्धकाळात या प्रवासांचे वेळापत्रक विस्कटले. जी मुले गेली त्यांच्यापुढे मरणारा कोण आणि मारणारा कोण हा प्रश्न पुस्तकी उरला नव्हता.

गड उतरल्यावर पुष्कळदा बस उत्तरेकडे वळते. अर्ध्या तासाच्या आत एन गेदी येते. तिथे झरे आहेत, धबधबा आहे; पहाटेपासून घामेजलेली मुले पाण्यात उतरतात आणि दुपार होईपर्यंत बाहेर यायला तयार नसतात. चौथ्या खंडातला तो उतारा वाचायला दोन मिनिटे पुरतात.