पायाचे माप आणि चर्मकाराची विद्या

अंगरखा थोडा सैल झाला तर चालतो, पागोटे लांब झाले तर दोन वेढे अधिक घेता येतात. परंतु जोडा जवभर आखूड झाला तर धडधाकट मनुष्यासही कोसभर वाट सुखाने चालता येत नाही. आपल्या समाजाच्या कारागिरीविषयी बोलताना कातडे कमावण्याची हातोटी, रापी चालविण्यातील सफाई, टाक्यांची घट्ट वीण यांची वाखाणणी होते आणि ती योग्यच आहे. परंतु या सर्व कामाचा पहिला पाठ जो पायाचे माप घेणे, त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो येथे थोडक्यात निवेदन करण्याचे आम्ही योजिले आहे. या इतिहासावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. ती ही की, माप जेव्हा जेव्हा पायाला सोडून दूर गेले, तेव्हा तेव्हा पायाची दुर्दशा झाली. आणि ती निवारण्यासाठी मोठमोठ्या विद्वानांनाही अखेर मनुष्याच्या पायापाशी वाकावे लागले.

प्रथम पाय म्हणजे काय हे पाहू. एका पायात २६ हाडे असतात. मनुष्य बसलेला असताना पायाची जी लांबीरुंदी असते, ती तो उभा राहिला म्हणजे बदलते. अंगाचा भार पडताच कमान थोडी दबते, पाय लांबतो आणि चवडा पसरतो. दिवसभराच्या कामाने संध्याकाळी पाय काहीसा सुजतो. बहुतेकांचे दोन पायही अगदी सारखे नसतात. म्हणून टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी घेतली की माप झाले, असे समजणे हा भ्रम होय. टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर, चवड्याची रुंदी, चवड्याचा घेर आणि पावलाच्या वरच्या अंगाची उंची, एवढ्या गोष्टी पाहिल्याशिवाय पायाचे खरे स्वरूप कळत नाही. दोघांची लांबी एक असूनही एकाचा पाय सडपातळ व दुसऱ्याचा पसरट असू शकतो. एकाच लांबीचा जोडा एकास सैल व दुसऱ्यास काच करणारा होतो, तो याच कारणाने.

मापाच्या इतिहासात जवाच्या दाण्याला मोठा मान आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यव म्हणजे एक अंगुल असे कोष्टक दिले असून चौदा अंगुलांच्या मापास ‘पद’ असेही नाव आहे. इंग्लंडातही मध्ययुगीन कायद्याने तीन जवांचा एक इंच धरला होता. इंग्लिश जोड्यांचे नंबर याच हिशेबावर बसविलेले आहेत. तेथे एका नंबरात आणि पुढच्या नंबरात एका जवाचे, म्हणजे इंचाच्या एक तृतीयांशाचे, अंतर असते. लहान मुलांचा शून्य नंबर चार इंचांपासून सुरू होतो. तेरा नंबर झाले की पुन्हा एकपासून मोठ्यांची मोजणी चालू होते. फ्रान्समध्ये सेंटिमीटरचा दोन तृतीयांश हे परिमाण ठरले. म्हणून तिकडचा ४२ नंबर म्हणजे २८ सेंटिमीटर. अमेरिकेने इंग्लिश परिमाण घेतले, पण आरंभबिंदू निराळा धरला. त्यामुळे इंग्लिश सात आणि अमेरिकन सात हे एक नव्हेत.

येथे वाचकांनी एक मर्म ध्यानात घ्यावे. इंग्लिश सात नंबर म्हणजे दहा इंच आणि वर दोन तृतीयांश इंच. पण ही लांबी कोणाची? पायाची नव्हे, ती ज्या लाकडी कलबुतावर जोडा चढवितात त्या कलबुताची आहे. बोटांपुढे मोकळी जागा हवी म्हणून पाय त्याहून आखूड असावा लागतो. आणि तो किती आखूड असावा, हे कलबूत करणारा आपल्या मताने ठरवितो. म्हणजे जोड्यावर छापलेला आकडा हे कारखान्याचे माप झाले, गिऱ्हाइकाचे नव्हे. दोन कारखान्यांचे सात नंबरचे जोडे एकाच मनुष्यास सारखे बसत नाहीत, त्याचे रहस्य यात आहे. पायाचीच लांबी व रुंदी मिलिमीटरमध्ये सांगणारी ‘मोंडोपॉइंट’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धती पुढे १९७० नंतर प्रचारात आली. सैन्याच्या पादत्राणांसाठी अनेक देशांनी ती स्वीकारली आहे.

युरोपात एक काळ असा होता की, डावा व उजवा हा भेदसुद्धा जोड्यात उरला नव्हता. सुमारे १६०० पासून १८०० पर्यंत तेथे बहुधा सरळ कलबुतावर जोडे होत. दोन्ही पायांस एकच आकार. उंच टाचेची आवड वाढल्यावर डाव्याउजव्या कलबुतांची जुळणी कठीण झाली, हे याचे एक कारण सांगतात. कारागिराची सोय झाली, पाय मात्र वाकडे झाले. या अनर्थाकडे प्रथम ज्यांनी शास्त्रीय दृष्टीने पाहिले त्यांत पेट्रस कँपर या डच शरीरशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. १७८१ साली त्याने उत्तम जोड्याच्या आकाराविषयी एक प्रबंधच प्रसिद्ध केला. पुढे १८५८ च्या सुमारास झुरिक येथील हेरमान फोन मायर या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, अंगठ्याच्या मध्यातून मागे काढलेली रेषा टाचेच्या मध्यावर आली पाहिजे. जोडा टोकाला निमुळता केला तर अंगठा आत ढकलला जातो आणि पाय कायमचा विद्रूप होतो. जोड्याविषयी लिहिण्यात या प्राध्यापकांना कमीपणा वाटला नाही, हे आमच्या तरुण मित्रांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विद्वानांचे म्हणणे व्यापाऱ्यांनी फारसे ऐकले नाही. ते ऐकले सैन्याने. ज्याचे पाय फुटले तो शिपाई बंदूक असूनही निकामी होय. अमेरिकन सैन्यातील शल्यवैद्य एडवर्ड मन्सन यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने सुमारे चार वर्षे खपून कोणी दोन हजार शिपायांचे पाय तपासले. १९१२ साली मन्सन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या आकाराचे कलबूत सैन्याने स्वीकारले. माप घेण्याचा नियमही मोठा मार्मिक होता. शिपायाने अनवाणी उभे राहावे, पाठीवर ४० पौंडांचे ओझे घ्यावे, सारा भार एका पायावर टाकावा आणि मग त्या पायाचे माप घ्यावे. ज्या स्थितीत जोडा वापरावयाचा त्या स्थितीत माप घ्यावयाचे, हे तत्त्व यात आहे.

त्यानंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज गावी चार्ल्स ब्रॅनॉक याने मापाचे एक उपकरण तयार केले. त्याच्या वडिलांचे जोड्यांचे दुकान होते. मुलांच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्या जोडून त्याने पहिला नमुना केला, असे सांगतात. टाचेपासून बोटापर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी आणि रुंदी ही तिन्ही मापे या साध्या सरकपट्टीवर एकदम कळतात. त्याला ना विजेची गरज, ना दुरुस्तीची. ते उपकरण आजही दुकानांतून दिसते.

याच काळात दुसरे एक यंत्र निघाले, त्याची कथा बोधप्रद आहे. ग्राहकाने पेटीत पाय घालावा आणि क्ष-किरणांनी जोड्याच्या आतील हाडे पडद्यावर पाहावीत, असे ते यंत्र अमेरिकेत व युरोपात हजारो दुकानांतून लागले होते. मुलांना ती मौज वाटे, आईबापांना ते शास्त्र वाटे. वास्तविक त्यात हाडे दिसत; मांसाला कोठे काच होतो हे कळत नसे, आणि किरणांचा उपद्रव मात्र वाढत्या वयाच्या मुलांस व दिवसभर जवळ उभ्या असणाऱ्या विक्रेत्यांस होई. अखेर १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यावर बंदी घातली आणि हळूहळू ती यंत्रे नाहीशी झाली. ब्रॅनॉकची साधी पट्टी टिकली आणि क्ष-किरणांची पेटी गेली, याचा अर्थ ज्याने त्याने समजून घ्यावा.

आता आपल्याकडे वळू. आपल्या कारागिराजवळ नंबर नव्हते, पण माप होते. कागदावर किंवा कातड्यावर गिऱ्हाइकाचा पाय ठेवून भोवती रेघ ओढावी, चवड्याचा घेर पट्टीने घ्यावा, अंगठा व शेजारचे बोट यांमधील जागा पाहावी, अशी ती रीत. कोल्हापुरी पायताणाचा विचार करा. ते सर्व बाजूंनी उघडे. पायाला धरून ठेवावयाचे काम अंगठा, पट्टी व कान यांनीच करावयाचे. अंगठा तसूभर पुढे लागला तर बोटे बाहेर येतात, पट्टी सैल झाली तर टाच घसरते. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कातडे वापराने पायाचा आकार घेते हे खरे. परंतु मूळ मापच चुकले तर कातड्याचा गुण काय उपयोगाचा?

ही विद्या कोणत्या परिस्थितीत टिकली याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. पायाला हात लावल्याशिवाय पायाचे पुरते माप मिळत नाही. आणि आपल्या पूर्वजांना तर स्पर्शाचीच बंदी होती. त्यांच्या हातचे पायताण चालत होते, हात मात्र चालत नव्हता. तेव्हा जुना जोड पुढे टाकून ‘याबरहुकूम कर’ म्हटले जाई, आणि त्यावरून व नजरेच्या अंदाजाने काम भागवावे लागे. त्या जुन्या जोडावर टाचेचा, चवड्याचा व बोटांचा जो ठसा उमटलेला असे तो वाचूनच कारागीर मनुष्याची चाल ओळखी. त्याच ज्ञानासाठी पश्चिमेकडे प्राध्यापकांना मान मिळाला, येथे ते ज्ञान गावकुसाबाहेर बसले. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. पण तोपर्यंत कारखान्याचा नंबर शहरांतून रूढ होऊ लागला होता. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले, यंत्राचे जोडे स्वस्त झाले, आणि माप घेऊन जोडा करविण्याची चाल मागे पडत गेली.

हे नंबर परदेशातील पायांवरून ठरलेले होते, याची दखल घेण्यास आपल्या देशाला पुष्कळ वर्षे लागली. १९४८ साली स्थापन झालेल्या चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० स्त्रीपुरुषांच्या व मुलांच्या पायांची मापे यंत्राच्या साहाय्याने घेतली. भारतीयांचा पाय युरोपीय व अमेरिकन पायांहून सामान्यतः रुंद असतो, असे त्यातून निष्पन्न झाले; आणि ‘भा’ या नावाने वयोमानानुसार आठ गटांची भारतीय मापपद्धती सुचविण्यात आली. पसरट पायास निमुळता जोडा घालू नये, हे आपले वृद्ध कारागीर कागदावरील रेघ पाहूनच जाणत होते. त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे.

मापाचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १९४६ पासून वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोग्यांच्या पायांस होणाऱ्या जखमा मांस आपोआप कुजल्याने होत नाहीत. संवेदना गेल्यामुळे दाब व घर्षण कळत नाही, म्हणून होतात. तेव्हापासून मऊ रबरी तळाची, मापाने केलेली पादत्राणे हा या उपचाराचा भाग बनला. मधुमेहातही पाय असाच बधिर होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. शहाण्या पायाला जोडा चावला तर तो ओरडतो. बधिर पाय ओरडत नाही, आणि साध्या फोडापासून प्रसंगी पाय कापण्यापर्यंत पाळी येते. अशा मनुष्यास छापील नंबर कितपत वाचविणार? त्याच्या दोन्ही पायांवरून हात फिरवून, कुरूप कोठे आहे, बोट कोठे वाकले आहे, हे पाहणारा कारागीरच त्याला हवा आहे.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक उपदर्शन मिळाले. महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांचा हा समाईक हक्क असून आपल्या राज्यात तो संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे आहे. २०२५ साली इटलीतील मिलान येथील एका प्रदर्शनात तशाच धाटणीच्या चपला झळकल्या तेव्हा मोठी खळबळ उडाली, आणि संबंधित कंपनीस तिचे मूळ मान्य करावे लागले. धाटणीचे रक्षण केलेच पाहिजे. परंतु धाटणी पाहून उचलता येते, माप पाहून उचलता येत नाही. ते ज्याच्या त्याच्या पायापाशी बसूनच घ्यावे लागते, आणि म्हणून ती विद्या आपल्या हातात राहू शकते.

याकरिता समाजबांधवांस आमची विनंती आहे. ज्यांचे दुकान वा कारखाना आहे त्यांनी दोन्ही पायांचे माप, गिऱ्हाइकास उभे करून, शक्य तर संध्याकाळच्या वेळी घ्यावे आणि ते वहीत तारीखवार लिहून ठेवावे. मुलांचे पाय वाढत असल्याने त्यांचे माप दर काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. आपल्या संस्थांनी वृद्ध कारागिरांस बोलावून त्यांची माप घेण्याची रीत तरुणांस शिकवावी, आणि ज्या डॉक्टरांकडे मधुमेहाचे रुग्ण येतात त्यांच्याशी आपल्या कारागिरांची गाठ घालून द्यावी. दुसऱ्याच्या पायापाशी वाकण्यात हीनपणा आहे असे ज्यांनी आपल्यास सांगितले, त्यांचा काळ गेला. ज्या कामासाठी कँपरने प्रबंध लिहिला आणि मन्सनने चार वर्षे वेचली, ते काम आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते टाकून देण्याची घाई आपण करू नये.