चिनी मातीच्या दाताची पकड

बेळगावजवळच्या कंग्राळीच्या माणसाला शहरात दातांची दोन महाविद्यालयं हाताशी आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. कवळी करायची म्हटली की हल्ली दात बहुधा ॲक्रिलिकचेच मिळतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: चिनी मातीचा दात ॲक्रिलिकच्या तळाला धरत नाही, म्हणून तो सुटतो, ॲक्रिलिकचा दात एकजीव होतो, म्हणून तो सुटत नाही. ही दोन्ही अनुमानं मला मान्य नाहीत.

आधाराला घेतलेली गोष्ट खरीच आहे. भट्टीत भाजलेली माती आणि ॲक्रिलिक यांच्यात रासायनिक बंध आपोआप जुळत नाही. पण चिनी मातीचे दात त्या बंधावर कधी अवलंबून नव्हतेच. पुढच्या दातांच्या पाठीला धातूच्या गुंडीदार पिना असतात आणि दाढांच्या बुडाला आत रुंदावणारं भोक असतं. कणकेसारखं मऊ ॲक्रिलिक दाबलं की ते पिनांभोवती आणि भोकात शिरतं, मग शिजून कडक होतं. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आलं. त्याआधी व्हल्कनाइट रबराच्या कवळ्यांतही हे दात याच अडकणीवर टिकत होते. शिवाय १९६७ मध्ये पॅफेनबार्गर, स्वीनी आणि बोवेन यांनी सायलेन हे जोडद्रव्य लावून माती व ॲक्रिलिक यांचा रासायनिक सांधाही जुळवून दाखवला. ओलाव्यात तो सांधा काळानुसार कमजोर होऊ शकतो, हे मान्य. पण नुसत्या अडकणीने दातालगत राहणारी बारीक फट त्याने बुजते. निपाणीच्या तंबाखूचा हा मुलूख, मिश्री लावणारी तोंडं इथे पुष्कळ; त्या फटीत डाग साचतो, म्हणून तिचं बुजणं महत्त्वाचं.

आता ॲक्रिलिकचा दात. तो एकजीव होतो, पण त्याचं बूड स्वच्छ असेल तरच. दात आधी ज्यात बसवतात ते मेण उकळत्या पाण्याने पुरतं धुतलं नाही, किंवा ॲक्रिलिक चिकटू नये म्हणून साच्याच्या प्लास्टरवर लावायचं अल्जिनेटचं द्रावण दातावर ओघळलं, की बंध जुळतच नाही. दुरुस्तीला येणाऱ्या कवळ्यांत निखळलेले ॲक्रिलिकचे दात नेहमीचेच.

चिनी मातीवर आक्षेप घ्यायचाच, तर खरे आक्षेप वेगळे आहेत. उष्णतेने ॲक्रिलिक तिच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं. ७४ अंशांना शिजलेली कवळी थंड होताना दाताभोवती ताण साठतो आणि बारीक चिरा पडतात. समोर खरे दात असतील तर ते झिजतात. हिरडी आणि समोरचे दात यांत जागा कमी असेल तर दात घासून बसवता येत नाही, कारण घासलं की अडकणच जाते. या कारणांनी बहुतेक रुग्णांना ॲक्रिलिक देणं योग्यच आहे, पण ते या कारणांनी द्यावं.

ॲक्रिलिकचा दात सुटलाच, तर त्याचं बूड पाहावं. ते गुळगुळीत असेल तर बहुधा मेण किंवा द्रावण राहून गेलं होतं. गुलाबी तुकडा चिकटून आला असेल तर सांधा टिकला आणि तळ तुटला. तिथे दाताला दोष देऊन चालणार नाही.