स्मरण वाढवलं, उष्णतेचं काय?

शाळेतला लॅपटॉप चार-पाच वर्षांनी मंदावला की कुणीतरी सांगतं, ‘मेमरी वाढवा, डिस्क बदला.’ सल्ला बरोबर असतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा गणकयंत्राच्या इतिहासात सापडतो.

१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ‘एनिअ‍ॅक’ हे यंत्र जगापुढे आलं. वजन सुमारे ३० टन, निर्वात नळ्या सुमारे १८,०००, वीज सुमारे १५० किलोवॉट. आणि एवढ्या पसाऱ्यात हिशेब चालू असताना लक्षात राहत दहा-दहा आकड्यांच्या अवघ्या २० संख्या! कारण आकडा धरून ठेवायचं काम नळ्यांकडेच होतं. नळी म्हणजे एक लहान दिवाच. ती सतत पेटती लागे. स्मरण वाढवायचं तर नळ्या वाढणार, आणि नळ्या वाढल्या की उष्णता वाढणार. म्हणून मोठे पंखे बसवलेले होते, आणि एखादं कपाट फार तापलं तर वीज आपोआप तुटावी अशीही योजना होती.

यातून वाट निघाली १९५३ साली. एनिअ‍ॅकला त्या वर्षी आणखी १०० संख्या मावतील असा नवा स्मरणसाठा जोडला गेला. तो नळ्यांचा नव्हता. बारीक चुंबकीय कड्यांचा होता. कडीचं चुंबकत्व एका दिशेला वळवलं की वीज न देताही ते तसंच राहतं. आठवण राखण्यासाठी दिवा जळत ठेवायला नको! मेमरी वाढवण्याचं हे एक फार जुनं उदाहरण.

आपल्या मुंबईतही ही विद्या लवकर पोचली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेलं यंत्र १९६० साली सुरू झालं. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या, पण स्मरणाचं काम चुंबकीय कड्यांकडे होतं.

पुढे कड्यांची जागा सिलिकॉनच्या चिपांनी घेतली. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिच्याच घराण्यातली आजची रॅम. हिच्यात आठवण म्हणजे इवलासा विद्युतभार, आणि त्याचं भांडं मात्र गळकं. ते सेकंदाला पंधरा-सोळा वेळा पुन्हा भरावं लागतं. चिप तापली की गळती वाढते; ८५ अंश सेल्सिअसच्या वर तर भरण्याची खेप दुप्पट करावी लागते.

प्रोसेसरचीही तीच गत. वर्षानुवर्षं त्याचा वेग वाढवत नेला. अखेर २००४ साली इंटेल कंपनीनं आखलेला एक नवा प्रोसेसर सोडून दिला. उष्णता आवरेना, हे त्यातलं मोठं कारण. त्यानंतर एकाच चिपेवर दोन प्रोसेसर बसवण्याकडे कल झाला.

आता ही उष्णता बाहेर काढायची कशी? १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलमॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी एक बंद नळी करून दाखवली. आजच्या लॅपटॉपमध्ये तिचंच तांब्याचं रूप असतं. आत थोडंसं पाणी. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती गार टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, परत येते. गार टोकापाशी पंखा असतो. त्याच्या तोंडाशी धूळ बसली की सारी योजना फुकट!

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून क्रम असा ठेवा. आधी लॅपटॉप बंद करून बॅटरीची जोडणी काढा. पात्यांना बोटानं धरून पंख्याची धूळ काढा; प्रोसेसरवरचा सुकलेला लेप पुसून नवा लावा. मग मेमरी. ती पट्टी बदलता येते की मुळातच डाखलेली आहे, हे खरेदीआधी पाहा. पट्टीचा प्रकारही जुळला पाहिजे; डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही. पट्टी हातात घेण्यापूर्वी धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर जुन्या यंत्रालाही चांगला उठाव येतो. पण फार वेगवान जातीची एसएसडीही तापते, आणि तापली की स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. मग जास्तीचे पैसे कशाला मोजले?

आणि गादीवर किंवा उशीवर ठेवून लॅपटॉप चालवू नका. त्याच्या श्वासाची वाट बहुधा खालूनच असते. १८,००० नळ्यांचं यंत्र आज दप्तरात मावतं खरं, पण एनिअ‍ॅकच्या पंख्यांनी जे काम केलं ते अजून कुणाला चुकलेलं नाही. स्मरण वाढवावं, मात्र त्याआधी उष्णतेला दार उघडं करून द्यावं.